पहाटे मोडणारं ऑपेरा हाऊस



पत्रिकेत माझा विषय 'इटालियन ऑपेरा' असा छापलाय. चंद्रपुरात हा विषय कशाला, असं काहींना वाटलं असेल. पण मुंबईच्या रॉयल ऑपेरा हाऊसमध्ये चिमारोझाचा 'इल मात्रिमोनिओ सेग्रेतो' बघायला बसलो, आणि अर्ध्या तासात मी मनानं वडशाला, आपल्या झाडीपट्टीच्या नाटक कंपन्यांच्या गावात, पोचलो होतो.

नावाचा अर्थ गुपचूप लग्न. कानानं मंद असलेला एक श्रीमंत व्यापारी. धाकट्या लेकीनं घरच्याच कारकुनाशी लग्न उरकलंय, आणि बापाला तर खानदानी जावई हवाय. थोरलीला बघायला सरदार येतो आणि भाळतो धाकटीवर! मला इटालियनचं अक्षर कळत नव्हतं, पण कुठे हसायचं ते कळत होतं. हे कथानक वडशाच्या कंपनीला द्या. थोरलीला दोन गाणी वाढवून मिळतील, मध्ये एक लावणी येईल, बाकी फारसं बदलावं लागणार नाही.

आता प्रॉम्प्टरचं बघा. जुन्या ऑपेरागृहात रंगमंचाच्या पुढच्या कडेला, मधोमध, त्याची छोटीशी खोपटी असते. गायकाला पुढचा शब्द तो क्षणभर आधी पुरवतो. आपल्या झाडीपट्टीचंही तसंच. आपला नट आज या गावात, उद्या त्या गावात, कधी नाटकही वेगळं. तालमीला सवड कुठली? आडोशाला वही घेऊन बसलेला प्रॉम्प्टर वाक्य सोडतो आणि नट ते झेलतो. पुढे बसलात तर एकच वाक्य दोनदा ऐकू येतं, आधी कोरडं, मग भिजलेलं. ते फसवं आहे हे ठाऊक असूनही शेजारची आजी पदर डोळ्याला लावतेच. हे भिजवण्याचं काम जन्मभर करणाऱ्या गडचिरोलीच्या परशुराम खुणे यांना २०२३ साली पद्मश्री मिळाली.

रॉयल ऑपेरा हाऊसचं उद्घाटन १९११ साली पंचम जॉर्जच्या हस्ते झालं. बालगंधर्व तिथे गायले, दीनानाथ गायले. मग सिनेमा आला, आणि १९९३ साली दाराला कुलूप लागलं. ते उघडलं २०१६ मध्ये. छतावरची नक्षी बघताना मला तीच तेवीस वर्षं आठवत होती.

आपल्या थिएटरला कुलूप लावायला दारच नाही. दिवाळी झाली, धान घरात आलं, की मंडईची जत्रा भरते, बैलांच्या शर्यतींचे पट होतात, लेकी-जावई येतात आणि गावचं मंडळ नाटक ठेवतं. बांबू, कनात, ऑर्गन, तबला. रात्री सुरू झालेलं नाटक उजाडेपर्यंत चालतं, आणि सकाळी सगळं ट्रकमध्ये. मात्र या नाटकाचा राजा धान आहे. पाऊस फिरला की गावाचा हात आखडतो. म्हणून मी याला अमर वगैरे म्हणणार नाही.

सांगतात, १७९२ साली व्हिएन्नात 'मात्रिमोनिओ'चा पहिला प्रयोग संपल्यावर सम्राट लिओपोल्ड इतका खूश झाला, की कलाकारांना जेवू घालून त्यानं त्याच रात्री सगळा ऑपेरा पुन्हा करवून घेतला. एवढा मोठा वन्स मोअर दुसऱ्या कुणाला मिळाल्याचं मी ऐकलं नाही.

मला तो नको. मागच्या रांगेतले चौघं मघापासून घड्याळ बघताहेत. पलीकडच्या गावात आज नाटक लागलंय. गाडीत एखादी जागा असेल, तर मी पाचवा.