चिंचोके मोजू या



तुमचं मूल एक ते दहा घडाघडा म्हणतं?
छान! पण हे झालं पाठांतर.
मोजणं अजून पुढे आहे.

त्याच्यासमोर सात चिंचोके ठेवा.
एक चिंचोका, एक आकडा.
सुरुवातीला तोंड पुढे पळतं, बोट मागे राहतं.
चालायचंच!

मग विचारा, "एकूण किती?"
पुष्कळ मुलं पुन्हा एकपासून सुरू करतात.
शेवटचा आकडा म्हणजे सगळे चिंचोके,
हे अजून उमगलेलं नसतं.

आता तेच चिंचोके लांब लांब पसरा.
मूल म्हणेल, "वाढले!"
हसू नका.
पुन्हा मोजू द्या.
एक चिंचोका, एक आकडा.

हे जमलं, की दहा काड्यांची जुडी बांधा.
दशक हातात येतं.

आणि हो, चिंचोका तोंडात किंवा नाकात जाणार नाही,
याकडे लक्ष असू द्या.