रान विकण्याआधी



नर्सीच्या नामदेवांच्या आणि औंढ्याच्या नागनाथाच्या या जिल्ह्यात स्वागत समितीच्या वतीने आपले मनःपूर्वक स्वागत! 1999 साली परभणीतून वेगळ्या झालेल्या हिंगोलीला शासकीय वैद्यकीय महाविद्यालय मिळायला 2024 उजाडले. अशा ठिकाणी मूलपेशींवर ('स्टेम सेल') परिषद कशाला, असे काहींनी विचारले. प्रयोगशाळा इथे नसल्या, तरी रुग्ण इथलेच आहेत.

रक्ताच्या कर्करोगावर अस्थिमज्जा प्रत्यारोपण, म्हणजे मूलपेशींचाच उपचार, डॉ. सुरेश अडवाणी यांनी मुंबईच्या टाटा रुग्णालयात 1983 मध्येच केले. चुन्याने डोळा भाजला की बुबुळाच्या काठच्या मूलपेशी मरतात. दुसऱ्या, चांगल्या डोळ्यातला इवलासा तुकडा घेऊन त्या पुन्हा रुजवण्याची सोपी पद्धत हैदराबादच्या एल. व्ही. प्रसाद नेत्रसंस्थेत डॉ. वीरेंद्र सांगवान आणि सहकाऱ्यांनी 2012 मध्ये जगापुढे मांडली. हे उपचार आमच्या माणसांपर्यंत वेळेत पोहोचले पाहिजेत.

मात्र याच यशाच्या जोरावर स्वमग्नतेपासून अर्धांगवायूपर्यंत सगळ्यावर 'स्टेम सेल'चा इलाज विकला जातो. मूलपेशींसाठी गर्भातल्या पेशी वापराव्यात का, यावर जगभर वाद झाला; शिन्या यामानाका यांनी 2006 मध्ये उंदराच्या त्वचेतल्या पेशींनाच मूलपेशींचे गुण दिले आणि तो पेच बराच सैल झाला. आपल्याकडचा पेच पैशाचा आणि संमतीचा आहे. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेची (आयसीएमआर) 2017 ची मार्गदर्शक तत्त्वे स्पष्ट सांगतात: सिद्ध उपचार वगळता मूलपेशींचा वापर फक्त मंजूर चाचणीत व्हावा आणि त्यासाठी रुग्णाकडून पैसे घेऊ नयेत. बाळाला पुढे स्वतःसाठी लागेल म्हणून नाळेतले रक्त खासगी पेढीत ठेवण्यालाही शास्त्रीय आधार नाही, असे आयसीएमआरचेच म्हणणे आहे.

"डॉक्टरसाहेब, रान विकून हा इलाज करू का?" हा प्रश्न मोठ्या शहरातल्या तज्ज्ञाआधी गावच्या डॉक्टरला विचारला जातो. त्याला ठामपणे 'नको' म्हणता यावे, एवढे बळ या परिषदेने द्यावे. म्हणून तज्ज्ञांना माझी विनंती आहे: कोणता उपचार सिद्ध, कोणता चाचणीत आणि कोणता निव्वळ धंदा, याची एक पानी मराठी यादी इथेच तयार करा. ती प्रत्येक प्राथमिक आरोग्य केंद्राच्या भिंतीवर लागेल, यासाठी आम्ही हिंगोलीकर झटू.

पाहुणचारात काही उणे राहिले तर सांभाळून घ्या. यादीत मात्र काही उणे ठेवू नका.