न संपणारे पान आणि श्रावकाची मर्यादा



सुवर्णमहोत्सव हा केवळ मागील पन्नास वर्षांच्या जमाखर्चाचा प्रसंग नव्हे. पुढील पिढीच्या हाती काय सोपवावयाचे, याचा विचार करण्याचाही तो दिवस असतो. ती पिढी आज संगणकासमोर बसली आहे. आष्ट्यातच १९९९ साली अण्णासाहेब डांगे अभियांत्रिकी महाविद्यालय सुरू झाले. घरातील मुलगा वा मुलगी वेब डेव्हलपर आहे, म्हणजे संकेतस्थळे घडविण्याचे काम करते, याचे आता कोणास नवल वाटत नाही. पाहणाऱ्याला संकेतस्थळाची केवळ दर्शनी बाजू दिसते. घडविणाऱ्याला त्याचा आतला हेतूही ठाऊक असतो. म्हणून धर्म आणि कुटुंब यांविषयी त्याची दृष्टी समजून घेणे अगत्याचे आहे.

नव्या साधनांचे जैन समाजाला कधी वावडे नव्हते. मात्र त्यांचा स्वीकार विचारपूर्वक झाला. मुखोद्गत श्रुत लोप पावेल, या चिंतेने आचार्य धरसेनांनी पुष्पदंत आणि भूतबली या मुनींना ज्ञान दिले व षट्खंडागम लिपिबद्ध झाला. श्रुतपंचमी हा त्याच घटनेचा उत्सव होय. पुढे धवला टीकेसह तो ग्रंथ मूडबिद्रीच्या ताडपत्रांवर जपला गेला. एकोणिसाव्या शतकात शास्त्रे छापण्यास समाजातूनच विरोध झाला. तरीही १९३९ साली डॉ. हिरालाल जैन यांनी अमरावतीहून धवलेचा पहिला खंड प्रसिद्ध केला. आचार्य शांतिसागर महाराजांच्या प्रेरणेने सिद्धांतग्रंथ ताम्रपटांवरही कोरले गेले. ताडपत्र, ताम्रपट, छापील ग्रंथ आणि आता संगणक, अशी ही परंपरा आहे.

या परंपरेत वेब डेव्हलपरला आपलेसे वाटावे असे आणखी एक उदाहरण आहे. टिम बर्नर्स-ली यांनी १९८९ साली वर्ल्ड वाइड वेबची कल्पना मांडली आणि ३० एप्रिल १९९३ रोजी सर्न या संस्थेने तिची मूळ प्रणाली सर्वांसाठी विनामूल्य खुली केली. जे स्वतःच्या मालकीचे ठेवता आले असते, ते जगाला देऊन टाकले. हे अपरिग्रहाचे व्रत नव्हे, हे खरे. पण अपरिग्रहाचे मोल जाणणाऱ्याला त्यागाची ही कृती सहज उमजते.

परंतु त्याच जाळ्यावर पुढे जे उभे राहिले, ते वेगळे आहे. पोथीचे पान संपते. पुढचे पान उलटताना वाचक क्षणभर थांबतो व पुरे की आणखी, हे ठरवतो. २००६ साली अमेरिकेतील एझा रास्किन यांनी खाली सरकवत राहावे तसे पान आपोआप वाढत जाईल, अशी रचना तयार केली. माणसाचा वेळ तिने किती खाल्ला, याबद्दल पुढे त्यांनी स्वतःच जाहीर खेद व्यक्त केला. भ्रमणध्वनीवर तासन् तास अडकलेले मूल दुर्बल मनाचे असते असे नाही. थांबण्याची जागा तेथून जाणीवपूर्वक काढून टाकलेली असते, हे वेब डेव्हलपर जाणतो.

यंत्राने काढून टाकलेली ती मर्यादा श्रावकाने स्वतः घालावयाची आहे, आणि तिची नावे तत्त्वार्थसूत्राच्या सातव्या अध्यायात आहेत. दिग्व्रत व देशव्रत हे संचाराला सीमा घालतात. निष्प्रयोजन पापप्रवृत्ती टाळणे हे अनर्थदंडव्रत. उपभोगाचे परिमाण ठरविणे हेही व्रतच. सामायिक हे तर ४८ मिनिटांचे, एका मुहूर्ताचे. आज संचार पायांपेक्षा बोटांनी अधिक होतो. म्हणून बोटांनाही सीमा हवी.

कुटुंबापुढील खरा पेच सायंकाळी उभा राहतो. अमेरिकेतील ग्राहकाची सकाळ म्हणजे इथली संध्याकाळ. सूर्यास्तापूर्वी जेवण आटोपण्याच्या नियमाने जे कुटुंब एकत्र बसे, तेथे आता मुलाची बैठक नेमकी त्याच वेळी असते. आई म्हणते, रात्रिभोजनत्याग मोडतो. मुलगा म्हणतो, नोकरी मोडते. दोघांचेही म्हणणे खोटे नाही. केवळ ‘काळ बदलला’ एवढे म्हणून आईचे समाधान होत नाही, आणि केवळ रागावल्याने मुलगा घरात राहत नाही. जेवणाची वेळ आधी ठरवून बैठक अर्धा तास मागे घेण्याची विनंती करणे, हा लहानसा मार्ग आहे. पण तसे मागण्याचे धैर्य मुलात यावयाचे तर घरानेही त्याच्या कामाचा मान राखावयास हवा.

पडद्यावरील दर्शनाचा प्रश्नही असाच आहे. २०२० मध्ये महाराष्ट्रातील मंदिरे मार्चपासून १६ नोव्हेंबरपर्यंत बंद होती. दशलक्षण पर्वही त्याच काळात आले. तेव्हा दूरस्थ प्रवचनाने वृद्धांना आधार दिला. परंतु अभिषेकाचा कलश हाती घेणे, शेजारच्या आजारी श्रावकाची विचारपूस करणे, पडद्यावर घडत नाही. जो येऊ शकत नाही त्याच्यासाठी पडदा. जो येऊ शकतो त्याच्यासाठी मंदिर, एवढा विवेक पुरेसा आहे.

या वर्षी प्रत्येक घराने दिवसाचे ४८ मिनिटे सर्व भ्रमणध्वनी एका खोलीत बंद ठेवून दुसऱ्या खोलीत एकत्र बसावे. आरंभ मात्र वडीलधाऱ्यांनी करावा. कारण मुले ऐकण्यापेक्षा पाहून अधिक शिकतात. जय जिनेंद्र!