तळघरातलं पाणी

मुंबईत अँटॉप हिल नावाची टेकडी आहे, पण तिच्या पायथ्याचा भाग मात्र सखल. पूर्वेला वडाळ्याची मिठागरं आणि खाडी. जोरदार पाऊस आणि मोठी भरती एका वेळी आली की गटारांचं पाणी समुद्रात उतरत नाही, उलट वर चढतं. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला. तो दिवस मुंबईकर विसरणार नाहीत.

अशा सखल भागात तुमच्या इमारतीला तळघर असेल, तर त्याच्या सर्वांत खोल कोपऱ्यात खड्डा आणि त्यात सबमर्सिबल पंप हवाच. पाणी चढलं की फ्लोट वर येतो, पंप आपोआप सुरू होतो. बाहेर जाणाऱ्या पाइपवर नॉन रिटर्न व्हॉल्व्ह बसवा. नाहीतर गटाराचं पाणी त्याच वाटेनं परत आत येईल. पाइपचं तोंडही रस्त्यावर तुंबणाऱ्या पाण्याच्या पातळीपेक्षा उंच ठेवा. ऐन पावसात वीज जाते, म्हणून जनरेटरची जोडणी आणि दुसरा पंप हा खर्च सोसायटीनं टाळू नये.

मे महिन्यातच खड्ड्यातला गाळ काढा, बादलीभर पाणी ओतून पंप चालतो का बघा. आणि मीटरच्या खोलीत पाणी शिरलं असेल, तर कृपा करून आत उतरू नका. आधी वीज कंपनीला फोन करून पुरवठा बंद करून घ्या.