शिष्यवृत्तीच्या आधीचा खर्च



परदेशी शिक्षणाचा विषय निघाला की आपण लाखांत बोलतो. सामान्य घरातल्या मुलांचं गाडं मात्र त्याआधीच, काही हजारांपाशी अडतं. पदव्युत्तर प्रवेशासाठीच्या जीआरई परीक्षेचं शुल्क २२ हजार रुपयांच्या आसपास, इंग्रजी भाषेच्या आयईएलटीएस परीक्षेचं १७-१८ हजार. शिवाय पासपोर्ट, प्रत्येक विद्यापीठाचं अर्जशुल्क आणि परीक्षेसाठी मोठ्या शहरात जाण्या-राहण्याचा खर्च. गुण कमी पडले, तर पुन्हा तेवढंच शुल्क. जीआरई आणि पदवी प्रवेशासाठीची सॅट या परीक्षांना शुल्कसवलती आहेत, पण त्या मुख्यतः अमेरिकेतल्या विद्यार्थ्यांसाठी.

केंद्र सरकारची नॅशनल ओव्हरसीज स्कॉलरशिप अनुसूचित जाती आणि इतर काही वंचित घटकांतल्या वर्षाला १२५ जणांना मिळू शकते. शिक्षणशुल्क, राहणं, विमानभाडं, सगळं त्यात येतं. पण तिच्या अर्जासाठी विनाअट प्रवेशपत्र हातात लागतं. म्हणजे हा पहिला खर्च ज्याला झेपला, त्यालाच पुढची मदत. ज्याला झेपला नाही, तो कुठल्या यादीत नसतोच.

मग करायचं काय? आधी विद्यापीठं ठरवा, मगच परीक्षा. २०२० नंतर अनेक विभागांनी जीआरईची सक्ती काढली आहे. काही विद्यापीठं आयईएलटीएसऐवजी इंग्रजी माध्यमातून पदवी घेतल्याचं कॉलेजचं पत्र चालवून घेतात. अमेरिकेतली काही विद्यापीठं आर्थिक अडचण कळवली तर अर्जशुल्क माफ करतात. मुदतीआधी ईमेल करून विचारावं, त्यात कमीपणा नाही. जीआरईचे गुण पाच वर्षं चालतात, आयईएलटीएसचे दोनच. तेव्हा ती परीक्षा फार आधी देऊन ठेवू नका. महागडा क्लास लागतोच असंही नाही. जीआरई घेणारी ईटीएस संस्था दोन पूर्ण सराव परीक्षा मोफत देते.

पण सगळा भार मुलांवरच का? झिंबाब्वेत हरारे इथे १९९९ साली रिबेका झायग्लर मॅनो यांनी हुशार, गरीब मुलं निवडून त्यांना परीक्षा आणि अर्जांसाठी हात द्यायला सुरुवात केली. तो उपक्रम पुढे इतर देशांतही गेला. आपल्याकडे कॉलेजांचे माजी विद्यार्थी संघ आहेत, त्यांतले कितीतरी सदस्य परदेशात आहेत. एका संघाने वर्षाला दोन मुलांचं परीक्षाशुल्क भरायचं ठरवलं, तर एका स्नेहसंमेलनाच्या जेवणावळीपेक्षा फारसं जास्त लागणार नाही. प्राचार्यांनी संघाच्या यंदाच्या सभेत हा विषय मांडावा, एवढी विनंती.