जुनी घरे राखायची, पण कोणासाठी?



जुन्या वस्तीतील जुने घर वाढवावे, बदलावे की आहे तसेच ठेवावे, हा प्रश्न वरवर पाहता वास्तुशास्त्राचा वाटतो. वस्तुतः तो मालकीचा, भाड्याचा आणि सत्तेचा प्रश्न आहे. पुरोगामी चळवळीने त्याकडे बहुधा दुर्लक्षच केले. पाणी, झोपडपट्टी, भाडेवाढ हे खरे लढे. नक्षीदार कठडे आणि कौलारू छपरे हा सुखवस्तूंचा छंद, अशी समजूत कार्यकर्त्यांत रूढ आहे. ही समजूत तपासून पाहिली पाहिजे. कारण या छपरांखाली राहणारी सगळीच माणसे सुखवस्तू नाहीत.

गिरगावातील खोताची वाडी पाहावी. अठराव्या शतकाच्या अखेरीस दादोबा वामन खोत यांच्या जमिनीवर ही वस्ती आकारास आली आणि ईस्ट इंडियन कुटुंबांनी तेथे घरे बांधली. लाकडी सांगाडा, पुढे व्हरांडा, बाहेरून माडीवर जाणारा जिना, वर मंगलोरी कौले असे त्यांचे रूप. एके काळी येथे साठांहून अधिक बंगले होते. आज त्यांतले निम्मेही उरलेले नाहीत. १९९५ साली मुंबईसाठी वारसा नियमावली लागू झाली, वाडीची गणना वारसा परिसरांत झाली, आणि तरीही घरे पडतच राहिली. असे का व्हावे?

एका कुटुंबासाठी बांधलेल्या घराची पुढे वारसांत वाटणी होते. प्रत्येकाला स्वतंत्र मोरी, संडास आणि स्वयंपाकघर लागते. मुलाचे लग्न होते, म्हणून एक खोली वाढवावी लागते. कौले फुटली की त्या जागी पत्रे येतात. चुन्याच्या भिंतीवर सिमेंटचा गिलावा चढतो. मग भिंतीतील ओल बाहेर पडण्याची वाट बंद होते, ती आतल्या आत मुरते आणि लाकडी खांब तळाशी कुजू लागतात. घर वाचवण्यासाठी केलेला खर्चच असा घराच्या मुळावर येतो. यात राहणाऱ्याला दोष देणे सोपे आहे. परंतु चुन्याचे काम जाणणारा गवंडी आज शोधावा लागतो आणि सागवान परवडत नाही. पत्रा व सिमेंट मात्र कोपऱ्यावरच्या दुकानात मिळते.

वारसा नियमावलीने वास्तूंच्या श्रेणी पाडल्या आहेत. पहिल्या श्रेणीत बदलाला जवळजवळ मज्जाव आहे. दुसरीत घराच्या आतील बदलांना वाव आहे. तिसरीत बाहेरील बदल व वाढीव बांधकामही सभोवतालाशी सुसंगत असल्यास करता येते. वर्गीकरण म्हणून यात वावगे काही नाही. परंतु ही नियमावली काय करू नये ते सांगते. जे करायला हवे त्याचा पैसा कोठून यावा, यावर तिचे उत्तर अपुरे आहे. बंधनामुळे वाया जाणारे चटईक्षेत्र विकास हक्क म्हणून अन्यत्र विकण्याची सवलत तिने दिली; पण ही सवलत जमिनीच्या मालकासाठी आहे. माडीवरच्या भाडेकरूच्या हाती तिच्यातून काहीच पडत नाही.

भाडेकरूंची कहाणी आणखी जुनी आहे. १९४७ च्या भाडेनियंत्रण कायद्याने मुंबईतील भाडी १९४० च्या पातळीवर बांधली. महायुद्धानंतरच्या टंचाईत हा कायदा आवश्यकच होता; त्याच्या आधाराने कष्टकरी आणि कनिष्ठ मध्यमवर्ग शहरात टिकून राहिला. पण दुरुस्तीची जबाबदारी ज्या मालकांवर होती, त्यांना बांधलेल्या भाड्यात ती परवडेनाशी झाली. मालकांनी अंग काढून घेतले. १९६९ साली कायद्याने दुरुस्ती व पुनर्रचना मंडळ आले आणि उपकर लागू झाला. जुने घर उभे राखणे ही सार्वजनिक जबाबदारी आहे, हे तत्त्व त्यात मान्य झाले. व्यवहारात मात्र खर्चाला चौरस मीटरमागे मर्यादा पडली, आणि अनेक इमारतींच्या वाट्याला दुरुस्तीऐवजी टेकू आले. पुढे १९९१ च्या विकास नियमावलीने उपकरप्राप्त इमारत पाडून नवी बांधणाऱ्याला जादा चटईक्षेत्र देऊ केले. २०१८ च्या नियमावलीतही हे धोरण कायम आहे. म्हणजे सरकारचा एक हात ‘राखा’ म्हणतो, आणि दुसरा हात पाडणाऱ्याला बक्षीस देतो. अशा स्थितीत बिल्डर जिंकला, तर आश्चर्य ते कसले?

तथापि, नुसता पैसा दिल्यानेही प्रश्न सुटत नाही. ब्रिटनने १९६७ च्या कायद्याने एकेका वास्तूऐवजी संपूर्ण वस्तीच्या जतनाची पद्धत सुरू केली. स्टॅमफर्ड हे तेथील पहिले जतनक्षेत्र. शिवाय १९६९ च्या कायद्याने जुन्या घरांच्या सुधारणेसाठी सढळ अनुदाने दिली. लंडनच्या इस्लिंग्टनसारख्या भागात काय झाले? श्रमिक भाडेकरूंनी भरलेली घरे सधन वर्गाने आणि दलालांनी घेतली, भाडेकरू बाहेर काढले आणि सरकारी अनुदानातून घरे सजवली. या स्थित्यंतराला समाजशास्त्रज्ञ रूथ ग्लास यांनी १९६४ सालीच नाव दिले होते. अखेर १९७४ साली अनुदानांवर कडक अटी घालाव्या लागल्या. दर्शनी भिंत वाचली आणि माणसे गेली, याला जतन म्हणता येत नाही.

याहून वेगळा मार्ग इटलीतील बोलोन्या शहराने दाखवला. तेथील कम्युनिस्ट नगरपालिकेने महापौर रेनातो झांगेरी यांच्या काळात, १९७३ साली, सार्वजनिक गृहबांधणीचा पैसा शहराबाहेर नव्या वसाहतींवर खर्च करण्याऐवजी जुन्या शहरातील घरांच्या दुरुस्तीकडे वळवला. वास्तुविशारद पिएर लुइजी चेर्वेलाती यांनी घरांच्या रचनेचे प्रकार अभ्यासले. कोणती भिंत आणि कोणते अंगण हलवायचे नाही, न्हाणीघर कोठे बसते, हे त्यावरून ठरवले. सक्तीने घरे ताब्यात घेण्याचा मूळ बेत विरोधामुळे सोडावा लागला. त्याऐवजी मालकांशी करार झाले. पालिकेने दुरुस्तीला साह्य करावे आणि मालकाने भाडे मर्यादित ठेवून जुन्या रहिवाशाला परत घ्यावे, असा तो व्यवहार होता. योजना पूर्णत्वास गेली नाही. आज प्रवाशांना दिवसाच्या हिशेबाने घरे देण्याच्या धंद्याने त्याच शहरातील भाडी चढली आहेत. परंतु वास्तू आणि वस्ती एकत्र राखता येतात, एवढे तेथे सिद्ध झाले.

मुंबईपुरत्या मागण्या यातून स्पष्ट होतात. वारसा परिसरात पाडण्यावरचे जादा चटईक्षेत्र बंद करून तेवढ्या मोलाचे साह्य दुरुस्तीला द्यावे. साह्य घेणाऱ्याने भाडेकरूला न हलवण्याचा करार करावा. घराच्या मागील अंगास मोरी, संडास वा एखादी खोली वाढवण्याचे नमुना आराखडे पालिकेनेच तयार ठेवावेत आणि ठरावीक मुदतीत परवानगी द्यावी. चुन्याच्या व लाकडाच्या कामाचे शिक्षण गवंडी-सुतारांना मिळावे. वारसा समितीत तज्ज्ञांबरोबर मालक आणि भाडेकरू या दोघांचेही प्रतिनिधी असावेत.

मृणाल गोरे यांच्या पिढीने निवारा हा हक्क म्हणून मागितला. त्या हक्कात नव्या घराची मागणी जशी येते, तसा असलेल्या घरात सुखाने राहण्याचा अधिकारही येतो. वाडीतला व्हरांडा राखायचा असेल, तर त्यात संध्याकाळी बसणाऱ्या माणसाला आधी राखले पाहिजे. हे काम केवळ वास्तुप्रेमींवर सोपवून भागणार नाही. ते चळवळीने आपल्या शिरावर घेतले पाहिजे.