फोनच्या पलीकडे कोण?



केनियाच्या नैरोबीत पुमवानी नावाची गरीब वस्ती आहे. तिथल्या दवाखान्यासह तीन ठिकाणी 2007 साली एक प्रयोग सुरू झाला. एचआयव्हीवरची औषधं नुकतीच चालू झालेल्या रुग्णांना दर आठवड्याला दवाखान्यातून एक एसएमएस जायचा: ‘मांबो?’ म्हणजे ‘कसं काय?’ एवढंच. त्यात औषधाचं नाव नाही, आजाराचा उल्लेख नाही. फोन घरातल्या दुसऱ्या कुणाच्या हाती पडला तरी काही उघड होत नव्हतं. रुग्णाने 48 तासांत ‘बरं आहे’ किंवा ‘अडचण आहे’ एवढं कळवायचं. अडचण कळवली की नर्सचा फोन यायचा. उत्तरच आलं नाही, तरीही यायचा.

या प्रयोगाचे निष्कर्ष 2010 मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकाने छापले. एकूण 538 रुग्ण होते. औषधं नियमित घेतो असं सांगणारे एसएमएस जाणाऱ्या गटात 62 टक्के निघाले, न जाणाऱ्या गटात 50 टक्के. रक्तातला विषाणू आटोक्यात आलेल्यांचं प्रमाणही 57 विरुद्ध 48 टक्के होतं. हे सगळं साध्या, बटणांच्या फोनवर घडलं. त्या संदेशाचं वजन होतं ते गप्प राहिलेल्या माणसाला शोधत जाणाऱ्या नर्समुळे.

मोबाइल आणि आरोग्य हा विषय निघाला की बोलणं झटकन ॲपकडे वळतं. ॲप कुणाचं, त्यात काय काय दिसतं, किती जणांनी उतरवून घेतलं. पलीकडे उत्तर द्यायला कोण बसलंय, हा प्रश्न मागे राहतो आणि रुग्णाचं बरंवाईट बहुतेक वेळा तिथेच ठरतं.

मुंबईतलं उदाहरण घ्या. स्त्रीरोगतज्ज्ञ डॉ. अपर्णा हेगडे यांनी 2008 साली ‘आरमान’ ही संस्था काढली. तिची ‘एम-मित्र’ ही सेवा वस्त्यांमधल्या गरोदर बायकांना आणि बाळंतिणींना फोनवर आवाजी निरोप पाठवते. कितवा महिना चालू आहे किंवा बाळ केवढं झालंय, त्याप्रमाणे निरोप बदलतो. भाषा आणि फोनची वेळ बाईने स्वतः निवडायची. ही वेळेची गोष्ट किरकोळ वाटेल, पण ज्या घरात फोन एकच आणि तोही नवऱ्याच्या खिशात, तिथे सकाळी अकराचा निरोप बाईपर्यंत पोचतच नाही. 2019-21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार देशातल्या जेमतेम 54 टक्के स्त्रियांकडे स्वतः वापरायचा मोबाइल होता. खेड्यांत तर हे प्रमाण 47 टक्क्यांच्याही आत होतं.

तरीही बऱ्याच बायका काही आठवड्यांनी निरोप ऐकणं सोडून देतात. प्रत्येकीला फोन करावा, तर कार्यकर्त्या मोजक्याच. इथे हार्वर्डचे संगणकशास्त्रज्ञ मिलिंद तांबे आणि त्यांचे सहकारी मदतीला आले. या आठवड्यात नेमका कुणाला फोन केला तर उपयोग होईल, याची यादी यंत्राने काढायची आणि बोलायचं मात्र माणसाने, असं ठरलं. वेळ गैरसोयीची आहे का, काही तक्रार आहे का, हे कार्यकर्त्यांनी विचारायचं. 23,003 स्त्रियांवर झालेल्या या अभ्यासात निरोप ऐकणं सुटण्याचं प्रमाण सुमारे 30 टक्क्यांनी कमी झालं. कृत्रिम बुद्धिमत्तेचा आरोग्यसेवेतला इतका समंजस वापर क्वचितच पाहायला मिळतो.

उलट बाजूही सांगायला हवी. केंद्र सरकारची ‘किलकारी’ सेवा अशाच धर्तीची आणि कितीतरी मोठी आहे. मध्य प्रदेशात पाच हजारांवर गरोदर स्त्रियांवर तिची काटेकोर चाचणी झाली. गर्भनिरोधकांचा वापर थोडा वाढला, पण बाळाला निव्वळ अंगावरचं दूध देण्याच्या बाबतीत फरक दिसला नाही. दूध नीट उतरत नाही, बाळ रडतंय, सासू म्हणते वरचं पाजा, अशा वेळी एकतर्फी निरोप किती पुरा पडणार? तिथे आशाताईच हवी.

आणि गावोगाव राबणाऱ्या अशा तायांच्या हातात आपण काय देतो? 2021 साली महाराष्ट्रातल्या अंगणवाडी सेविकांनी सरकारने दिलेले मोबाइल परत नेऊन दिले. फोन तापतात, मध्येच अडकतात आणि ‘पोषण ट्रॅकर’ या नोंदींच्या ॲपमध्ये मराठीत नोंद करता येत नाही, ही त्यांची तक्रार होती. काट्यावर पोर रडत असताना, रांगेत चार आया उभ्या असताना, इंग्रजी रकाने भरत बसायचं! त्या सेविकांचं म्हणणं शंभर टक्के रास्त होतं. यंत्रणा उभी करताना त्यांना आधी विचारलं असतं तर ही वेळच आली नसती.

आज वैद्यक व परिचर्येची पदवी घेणाऱ्या तुम्हा स्नातकांपैकी काही जण लवकरच ‘ई-संजीवनी’ या सरकारी दूरवैद्यक सेवेच्या पडद्यासमोर बसतील. पलीकडे उपकेंद्रात समुदाय आरोग्य अधिकारी पोट दुखणाऱ्या रुग्णाला घेऊन बसलेला असेल. पडद्यावरून पोट तपासता येत नाही. हात त्या अधिकाऱ्याचे वापरायचे असतात. उजवीकडे खाली दाबून पाहा, दाबताना जास्त दुखतं की हात सोडताना, ताप किती, शेवटचं खाल्लं कधी, हे एकेक करून त्याच्याकडून काढून घ्यावं लागतं. त्याला नुसता निरोप्या समजणारा डॉक्टर निम्मी माहिती गमावतो. औषधं लिहून झाल्यावरही कॉल लगेच बंद करू नये. उद्या या रुग्णाला फोन कोण करणार, त्याने उचलला नाही तर घरी कोण जाणार आणि दुखणं वाढलं तर कुठल्या रुग्णालयात हलवायचं, हे त्या अधिकाऱ्याबरोबर तिथल्या तिथे ठरवून नोंदवून घ्यावं.